कालव्याचा पैसा आणि कडुनिंबाचा पैसा

बारामती-इंदापूरच्या गरीब वस्त्यांत नगरपरिषदांनी स्वखर्चाने झाडे लावावीत आणि जगवावीत, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: झाडे लोकांनी लावावीत, त्यासाठी सरकारी तिजोरी कशाला? याचे उत्तर इथल्या उसातच आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. 1876-78च्या दुष्काळाने होरपळलेल्या या मुलखात 1880च्या दशकात नीरा डावा कालवा आला तो सरकारी पैशाने. ज्या बागायतीचा आपण तोरा मिरवतो, ती तिजोरीतूनच वाहत आली. रस्त्यांचेही तेच. महामार्गांच्या 2015च्या हरित धोरणाने प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखला आहे. उसाला पाणी आणि महामार्गाला झाडे सरकारी खर्चाने चालतात. पत्र्याच्या घरापुढच्या कडुनिंबाचा विषय निघाला की मात्र श्रमदान आठवते! बंगलेवाल्याकडे आवार असते, बोअर असते. एका खोलीत संसार करणाऱ्याकडे आळे करण्यापुरतीही स्वतःची जमीन नसते, आणि मे महिन्यात त्याच्याच डोक्यावरचा पत्रा रात्री उशिरापर्यंत निवत नाही. त्याच्या वाट्याची सावली सार्वजनिक जागेतच उभी राहू शकते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. सरकारी वृक्षारोपण म्हणजे दर पावसाळ्यात खड्डा तोच, रोप नवे. 2019मध्ये राज्याने 33 कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले. 2021मध्ये त्याच मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर झाली, आणि ती घोषणा केली तत्कालीन वनराज्यमंत्री, इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांनी. पण यातून पैसा देऊ नये असे निघत नाही, तो कशाचा द्यावा एवढेच निघते. ठेकेदाराचे मोठे बिल रोप लावल्याबद्दल नव्हे, तिसरा उन्हाळा काढलेल्या झाडाबद्दल निघावे. मग तो गुलमोहराच्या रांगा सोडून कडुनिंब, करंज लावील, आणि पाणी घालायला वस्तीतल्याच माणसाला रोजावर ठेवील. शेळ्या रोप खातात ही तक्रार खरी. तिला ट्री गार्ड पुरते.

जागेचे कारण मात्र लटके आहे. अंगणवाडी, समाजमंदिर, पाण्याची टाकी, शाळेची भिंत यांच्या कडेला जागा असते. ती न शोधता आकडा भरायला माळरानावर खड्डे घेणे तर अधिकच चुकीचे. कडबनवाडीचा माळ चिंकारांचा आहे, सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्यही त्यांचेच. गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा नव्हे. राहिला कायदा. नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा 1975चा राज्य कायदा वृक्ष प्राधिकरणावर केवळ तोडीच्या परवानग्यांचे काम सोपवत नाही. वृक्षगणना करणे आणि कोणत्या भागात किती व कोणती झाडे असावीत याचे मानक ठरवणे हेही त्याचेच काम आहे. तेव्हा गणना प्रभागवार मांडावी, सर्वांत उघडा प्रभाग यादीत वर घ्यावा आणि अंदाजपत्रकात वृक्षनिधीच्या रकमेपुढे त्या प्रभागाचे नाव छापावे. नाव छापले की पुढच्या मार्चमध्ये तिथली झाडे मोजायला तिथलेच रहिवासी येतील.