भाड्याचं घर आणि मांजरांची नखं

अमेरिकेत टेक्सासला असलेल्या माझ्या मावसबहिणीपुढे एक भलताच पेच पडला आहे. नवं भाड्याचं घर मुलाच्या शाळेजवळ आहे, परवडणारंही आहे. पण घरमालकीण म्हणते, "दोन्ही मांजरांची नखं काढून आणा, मगच किल्ली." बहीण विचारते, "ताई, करून टाकू का?"

मैत्रिणींनो, 'नखं काढणं' म्हटलं की डोळ्यांपुढे नेलकटर येतो. तसं नाही ते! मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून अख्खं पेरच कापतात. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरं. आणि मांजर तर बोटांवरच चालतं. काहींचे पाय पुढेही दुखत राहतात, मग वाळूच्या पेटीत पाय घालवत नाही आणि घाण गालिच्यावर होते. काही मांजरं चावरी होतात. गालिचा वाचवायचा म्हणून एवढा खटाटोप, आणि गालिचा जातो तो जातोच! न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी घातली. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरमालकाला अशी अटच घालता येत नाही.

मी तिला 'नको' म्हणून स्पष्ट सांगितलं. घरमालकिणीला जास्त अनामत देऊ करावी, नुकसान भरून देऊ असं लिहून द्यावं. तरीही ती अडून बसली, तर दुसरं घर बघावं. मुलाला शाळा लांब पडेल, पडू दे.

मांजर खोडी म्हणून ओरबाडत नाही. नखांवरचं जुनं कवच निघावं, अंग ताणलं जावं, आपली खूण राहावी म्हणून ते ओरबाडतं. तेव्हा त्याला हक्काची जागा द्यावी. तीन फूट तरी उंच, न डगमगणारा लाकडी खांब घेऊन त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी. पाहुण्यांना दिसू नये म्हणून तो कोपऱ्यात दडवला, तर उपयोग शून्य. ज्या सोफ्यावर मांजराचा डोळा आहे, त्याच्या शेजारीच हवा. सोफ्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावावी. पंजा चिकटलेला मांजराला खपत नाही.

आणि मी वर्गात मुलांची नखं तपासते तितक्याच नेमाने, दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापावीत. आतल्या गुलाबी भागात रक्त असतं, तिथे कात्री नेऊ नये. मांजर पेंगुळलेलं असताना मांडीवर घ्यावं. एका बैठकीत दोनच बोटं झाली तरी चालतं, उरलेली उद्या.