पन्नास डेसिबल म्हणजे लाखपट!

बारावीच्या फिजिक्समध्ये ‘वेव्ज’ शिकलेले आपणच मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला खेटून नाचतो. वर म्हणतो, ‘दहा-वीस डेसिबलनं काय होतंय?’ होतं ना! डेसिबल म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. १० वाढले की तीव्रता दहापट, २० वाढले की शंभरपट. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. भिंतीजवळ १०५ असतील, तर तीव्रता थेट लाखपट!

‘त्रास होतो तर खिडकी लावा’ हाही सल्ला फुकाचा. ५० हर्ट्झच्या बासची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. ती इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीतही पोहोचते, काचेला तर जुमानतच नाही. आणि आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

लेझरचंही तसंच. बल्बचा प्रकाश पसरतो, दूर जाईल तसा फिका पडतो. लेझरचा झोत फारसा पसरत नाही. त्यात डोळ्याचं भिंग तो रेटिनाच्या बारीकशा ठिपक्यावर एकवटतं. लेझर ताकदीचा असेल, तर पापणी मिटायच्या आत इजा होऊन जाते.

नाचू नका, असं कोण म्हणतंय? पण वर्गणी आपण गोळा करतो, मंडळाच्या मीटिंगलाही आपणच बसतो. मग डीजेची सुपारी देतानाच आवाजाची मर्यादा ठरवून घ्या आणि लेझरला सरळ नाही म्हणा. पेपरात लिहिलेलं सूत्र मार्क देतं. मीटिंगमध्ये बोललेलं सूत्र कुणाचे तरी कान वाचवेल.