पहिली आवृत्ती कुणाच्या कपाटात?

जुन्या अनुवादित कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणे हा दिवाणखानेवाल्यांचा छंद, चळवळीला त्याचे काय, असे चिकलठाण्यातले आपलेच कार्यकर्ते विचारतात. आम्हाला हे मान्य नाही.

छंद त्यांचा आहे, कारण आपण तो त्यांच्यावर सोडला. त्यांच्याकडे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत असते, कपाट काचेचे असते आणि सूचना असते : हात लावू नये. हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी पाणवठ्यावर ऐकले, देवळापुढे ऐकले. आता पुस्तकापुढेही ऐकायचे?

पहिली आवृत्ती म्हणजे मिरवायची वस्तू नव्हे, तो पुरावा आहे. परकीय साहित्यातले काय मराठीत आणायचे आणि काय नाही, हे कुणी ठरवले याचा पुरावा. 1841 मध्ये हरि केशवजींनी बनियनचे पुस्तक ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आणले. पुढे मामा वरेरकरांनी शरत्‌चंद्र आणले, पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’मधून हेमिंग्वे आणला. चांगलेच केले. पण अमेरिकेतल्या गुलामांचा वंशज मराठीत केव्हा बोलू लागला? जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. म. ना. वानखेडे अमेरिकेहून शिकून आले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. त्यांचे मिलिंद महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, 1950 साली बाबासाहेबांनी उभे केलेले. मग त्या कादंबऱ्या मराठीत कुणी, कोणत्या साली, किती किमतीला छापल्या? याचे उत्तर भाषणात सापडणार नाही. ते पुस्तकाच्या श्रेयपानावर असते.

पुढच्या आवृत्त्यांत अनेकदा अनुवादकाची प्रस्तावना गळते, मुद्रकाचे नाव जाते, किंमत बदलते. म्हणून पहिली प्रत हवी. तिच्यावर एखाद्या कामगार वाचनालयाचा शिक्का असेल, तर कोण काय वाचत होते हेही कळते. संग्राहकाच्या लेखी शिक्का हा डाग असतो. आपल्या लेखी तोच इतिहास आहे. आणि ग्रंथालयाने निर्लेखित केलेली हीच पुस्तके आपल्या डोळ्यांदेखत किलोच्या भावाने रद्दीत जातात!

1917 मध्ये बाबासाहेबांची पुस्तके जहाजाबरोबर समुद्रात बुडाली. त्यांनी पुन्हा जमवली, पुढे ग्रंथांसाठी राजगृह बांधले. त्यांचा फोटो लावायचा आणि पुस्तके भंगारवाल्याला द्यायची, हा कुठला आंबेडकरवाद?

तरुण मित्रांनो, विहारात एक कपाट ठेवा. रद्दीच्या दुकानात जा, श्रेयपान उघडा. ‘प्रथमावृत्ती’ शोधा, शके असेल तर 78 मिळवा. साल, अनुवादक, मुद्रक, किंमत, शिक्का वहीत नोंदवा. आणि पुस्तक वाचायला द्या. कपाटावर एकच पाटी लावा : हात धुऊन, जरूर हात लावा.

जयभीम!