पिशवी पोहोचते, फाइल अडते

सुरगाणा किंवा पेठहून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या रुग्णाच्या हातात अजूनही एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, ईसीजीची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. मोबाइलला रेंज असो वा नसो, ती रुग्णाबरोबर पोहोचतेच. संगणकावरच्या नोंदींना अजून हे साधलेले नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर कारभार चालवावा लागला.

मधला सर्व्हरच नसेल तर? ‘नॅपस्टर’वर गाणी लोकांच्याच संगणकांवर असत; पण कोणाकडे काय आहे, ही यादी कंपनीच्या सर्व्हरवर. २००१मध्ये न्यायालयीन लढाईत ती बंद झाली आणि सगळेच ठप्प झाले. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन याने ‘बिटटोरंट’ आणले. त्यात फाइलचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा गणिताने काढलेला ठसा असतो. तो जुळला तरच तुकडा घेतला जातो. ज्याला तुकडा मिळाला, तोच पुढच्याला देतो. पुढे यादीही सगळ्या संगणकांत थोडी थोडी वाटली गेली. एक बंद पडला, तरी बाकीचे चालूच.

२०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला मोबाइलचे जाळे तुंबणार, हे सांगायला ज्योतिषी नको. छातीत दुखणाऱ्या यात्रेकरूचा ईसीजी तात्पुरत्या दवाखान्यातून रुग्णवाहिकेतल्या टॅबवर आणि तिथून रुग्णालयात थेट वायफायने उतरला पाहिजे, इंटरनेटची वाट न पाहता.

मात्र गाण्याला आणि एचआयव्हीच्या अहवालाला एकच नियम लावता येत नाही. चार ठिकाणी पसरलेली प्रत परत बोलावता येत नाही. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क देतो. म्हणून प्रत कुलूपबंद हवी आणि उपचार करणाऱ्यांपुरतीच. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने अर्धी वाट चाललेली आहे: नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, संमतीनंतर पुढे जाते. पण निरोपांची ने-आण मध्यवर्ती यंत्रणेतूनच होते, म्हणजे रेंज गेली की गाडी पुन्हा अडली.

घाट आणि रस्त्यांच्या तयारीबरोबर एक रंगीत तालीमही व्हावी: त्र्यंबकेश्वर ते नाशिक, एक रुग्णवाहिका, मोबाइलचा डेटा मुद्दाम बंद.