अवजार कोणाच्या मालकीचे?

रेल्वे कारखान्यातला फिटर आपला पाना घासून नीट करतो, शेजारच्या अप्रेंटिसला वापरायला देतो. त्याला कोणी हरकत घेत नाही. संगणकाच्या अवजाराचे मात्र तसे नाही. कंपन्या ते कुलूप लावून विकतात. आत पाहायचे नाही, दुरुस्त करायचे नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही. भाडे मात्र भरत राहायचे! या मक्तेदारीविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचा, उघडून पाहण्याचा, वाटण्याचा आणि सुधारून वाटण्याचा हक्क हा त्याचा पाया.

कामगाराचा याच्याशी काय संबंध? संबंध थेट घराशी आहे. आमच्या गँगमनची मुलगी आणि सॉर्टरचा मुलगा आज इंजिनिअरिंगला जातात. गणिताचे आणि आराखड्यांचे महागडे सॉफ्टवेअर कॉलेजात दिसते, घरी परवडत नाही. मुंबईच्या आय. आय. टी.मधील 'फॉसी' प्रकल्पाने केंद्र सरकारच्या मदतीने यावर मार्ग काढला. सायलॅब, पायथन, ओपनफोम ही फुकट आणि खुली अवजारे त्यांनी कॉलेजांत नेली. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच सायलॅबमध्ये लिहून घेतली. तेथूनच सुरू झालेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चे सुमारे दहा मिनिटांचे धडे मराठीतही आहेत. धडा पाहायचा, थांबवायचा आणि तसेच स्वतः करायचे.

हे फक्त शिकलेल्यांचे काम नव्हे. येथे बेंगळुरूत, आमच्या शिवाजीनगरपासून काही मैलांवर, सुदर्शन लेआउट या झोपडपट्टीत 2008 च्या सुमारास मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आंबेडकरांच्या नावाने संगणक केंद्र उघडले. जुनी यंत्रे, फुकट सॉफ्टवेअर आणि मजुरांची मुले, एवढेच भांडवल!

टपाल बांधवांचा अनुभव ताजा आहे. आधीच्या आधुनिकीकरणात भिस्त बाहेरच्या कंपन्यांवर होती. 2025 मध्ये खात्याच्या म्हैसूर केंद्राने स्वतः तयार केलेली प्रणाली, आधी कर्नाटकात चाचणी घेऊन, ऑगस्टमध्ये देशभर लागू झाली. खात्याचीच माणसे हे काम करू शकतात, हे सिद्ध झाले. पण घरचे असणे आणि खुले असणे या दोन गोष्टी वेगळ्या. यंत्रणा अडली की बोलणी काउंटरवरचा कर्मचारी खातो. ती आतून समजून घेण्याचा हक्कही त्याला हवा.

आम्ही भाबडे नाही. खुल्या सॉफ्टवेअरने रिक्त जागा भरत नाहीत. स्वयंसेवकांच्या फुकट श्रमावर बड्या कंपन्याही नफा कमावतात. म्हणूनच आमची मागणी स्पष्ट आहे : जनतेच्या पैशातून बनलेले सॉफ्टवेअर जनतेला खुले करा, आणि त्याचे प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत द्या.

सरकारची वाट पाहत मात्र बसू नका. प्रत्येक शाखेने युनियन कार्यालयात एक जुना संगणक दुरुस्त करून ठेवावा आणि रविवारी दोन तास सभासदांच्या मुलांसाठी वर्ग चालवावा. फीचा प्रश्नच नाही. अवजार आपलेच आहे.