मुक्काम एका दिवसाने वाढवा

अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांच्या ओढीने छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, येणारी जोडपी बहुधा एक दिवस वेरूळला व दुसरा अजिंठ्याला देतात. शहराच्या वाट्याला उरते ती केवळ त्यांची झोप!

वस्तुतः मलिक अंबरने वसविलेल्या या नगरीत दोघांनी सावकाश पाहावे असे पुष्कळ आहे. १६१२ सालचा भडकल दरवाजा आहे. दूरच्या डोंगरातील पाणी खापरी नळांतून आणून ज्यावर जाते फिरविले गेले, ती पाणचक्की आहे. दिलरास बानू बेगमेचा मकबरा तर सायंकाळच्या उन्हातच पाहावा. ताजमहालाची नक्कल म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होय.

प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, अर्थकारणाचाही आहे. घाईच्या प्रवाशाचा पैसा मोटार व हॉटेल यांपाशीच थांबतो. तोच प्रवासी एक दिवस अधिक राहिला, तर रिक्षावाला, नान-खलिया विकणारा आणि हिमरू विणणारा यांच्याही हाती चार पैसे पडतात. सूत व रेशीम यांच्या मिलाफातून हिमरू हातमागावर विणणारे आता फार थोडे उरले आहेत. म्हणून शाल घेण्यापूर्वी माग दाखविण्याचा आग्रह धरावा. यंत्रमागाचा माल स्वस्त पडेल. पण त्याने विणकराची चूल पेटत नाही.

स्मारकांची डागडुजी सरकार करील. हातमाग मात्र गिऱ्हाइकावाचून जगणार नाही.