विमा आडव्या माणसाचा

खांदा कॉलनीत सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी माणसांची चाल पाहावी. सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा राहून घरी निघालेला रखवालदार, खांदेश्वर स्थानक गाठणारी परिचारिका, तळोज्याच्या कारखान्याकडे जाणारा कंत्राटी कामगार, चार घरची धुणीभांडी उरकणारी बाई. यांच्यापैकी कित्येकांची दिवसातली पहिली पावले दातओठ खातच पडतात. टाचेत खिळा रुतावा तशी ती कळ असते. चार पावलांनंतर ती ओसरते, आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा हजर होते.

टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या तळपायाच्या जाड पट्ट्यावर सतत ताण पडून हे दुखणे जडते. क्ष-किरण चित्रात वाढलेले हाड दिसले की रुग्ण धास्तावतो. वस्तुतः तसे हाड न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही महिन्यांत बरे होतात. पोटरी व तळपाय ताणण्याचे रोजचे व्यायाम, मऊ तळाचे पादत्राण आणि उभे राहण्यात कपात, हाच मुख्य उपचार. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे उतार पडतो खरा, परंतु ते वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा आणि तो पट्टा तुटण्याचा धोका असतो.

म्हणजे खरा उपचार स्वस्त आहे, पण त्याला वेळ लागतो. आणि नेमका वेळच विम्याच्या हिशेबात बसत नाही. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. काही ठराविक उपचार वगळता चोवीस तास रुग्णालयात दाखल असणे, ही अशा विम्याची मूळ अट. २ जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी घरदार विकावे लागणाऱ्यांना तिने आधार दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तीही मुख्यतः रुग्णालयातील खाटेचीच योजना. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर माफ झाला, तोही पॉलिसी विकत घेऊ शकणाऱ्यालाच. विमा आडव्या माणसाला ओळखतो; टाचेचे दुखणे उभ्या माणसाचे आहे.

अमेरिकेत पावलांचे डॉक्टर हा स्वतंत्र पेशाच आहे. तेथेही वृद्धांच्या सरकारी विम्यातून नखे आणि कुरुपे काढण्यासारखी नित्याची निगा सामान्यतः वगळलेली आहे. इंजेक्शनाचे वा शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. व्यायाम शिकवण्यात अर्धा तास घालवणाऱ्या वैद्याला कोणताच बाजार इंजेक्शनाइतके मोल देत नाही. यात वैद्याच्या नीतिमत्तेपेक्षा दरपत्रकाचा दोष अधिक आहे.

याला सन्माननीय अपवाद कर्मचारी राज्य विम्याचा. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत बाह्यरुग्ण उपचार आहे आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही आहे. टाचेला हवी असलेली विश्रांती ज्यात मोजली जाते, अशी ही व्यवस्था. परंतु २०१७ साली ठरलेली २१,००० रुपयांची वेतनमर्यादा ओलांडणारा तीतून बाहेर पडतो. धुणीभांडी करणारी बाई मुळातच बाहेर. आणि ज्याला रजा घेतली तर उद्या दुसरा माणूस उभा केला जाईल ही भीती आहे, त्या कंत्राटी कामगाराला भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो.

तेव्हा मागणी दुहेरी हवी. सरकारी योजनांनी व्यायामोपचार आणि बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च उचलावा. आणि दुखणे जेथे उपजते तेथे बसायला जागा मिळावी. कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. २०२० च्या संहितेतही ती तरतूद आली आहे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांना हा हक्क कायद्याने दिला. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी केरळात तो लढून मिळवला, हे विसरता येत नाही.

फाटकावरच्या रखवालदाराच्या खुर्चीला मात्र विधानसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मंजूर होऊ शकते. खांदा कॉलनीतील कार्यकर्त्यांनी येत्या सभेत तसा ठराव मांडावा, आणि खुर्चीवर बसल्याबद्दल पगार कापला जाणार नाही, हे वाक्य त्यात आवर्जून घालावे.